दोघांचा प्रवास, दीड तिकिटात

निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या गृहिणीस मी विचारतो, ‘यजमानांशी निवांत बोलून किती दिवस झाले?’ उत्तर बहुधा येत नाही. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत आपल्या गोरेगावात हौसमौज लांबणीवर पडते. परंतु वाचकहो, परस्परांचा सहवास त्या हिशेबात धरू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. औंढा नागनाथच्या मंदिरावरील शिल्पे सावकाश पाहावीत, नर्सी नामदेवला जावे. शिदोरी घरचीच : भाकरी, पिठले, ठेचा (पित्तप्रकृतीच्यांनी बेतानेच). तेही न जमल्यास रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे दोघांनीच चालावे. वाढती रक्तशर्कराही त्याने आटोक्यात राहण्यास मदत होते. मोबाइल घरी ठेवावा. मुले तेवढा वेळ आजीजवळ राहतील. सासूबाईंना तसे सांगण्याचे काम मात्र यजमानांनी करावे.