टॅग निघाला का?

नांदुऱ्यात एखाद्या पोराला ‘एमएनसी’ लागली की पेढे वाटले जातात. हायवेवरच्या १०५ फुटी मारुतीपुढे नारळ फुटतो, आई ऑफर लेटर देवाजवळ ठेवते आणि शेजारपाजारचे पगार विचारतात. मग पोस्टिंग कुठं, कँटीन आहे का, बस येते का. तिथं या पोराला कोण शिकवणार आणि कोण पुढं आणणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मी नांदुऱ्याची. परदेशी मालकीच्या एका कंपनीच्या कारखान्यात ट्रेनिंगचं काम करते. नोकरीतले दिवस कसे जातील हे बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

परदेशी व्यापारी पेढ्या आपल्या भागाला नव्या नाहीत. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंब–खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे युरोपातल्या गिरण्यांना पोचावा म्हणून. रॅली ब्रदर्स, व्होलकार्ट ब्रदर्स अशा पेढ्यांची माणसं इथल्या बाजारात कापूस घ्यायची. व्होलकार्ट ही स्वित्झर्लंडची पेढी, १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई इथं एकाच वेळी निघालेली. या व्यापारात दलाल, तोलारी, हमाल इथले असायचे आणि मोठा साहेब युरोपातून यायचा. इथला माणूस घडवून त्याला साहेबाच्या खुर्चीत बसवावं, असं तेव्हाच्या व्यापाराला वाटण्याचं कारण नव्हतं.

ते कारण पुढं निर्माण झालं, आणि त्याचं सगळ्यात नीट दिसणारं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. नांदुऱ्याहून वीसेक किलोमीटरवर, खामगाव एमआयडीसीत, हिंदुस्थान लिव्हरचा साबण कारखाना १९८६ मध्ये सुरू झाला. आजची हिंदुस्थान युनिलिव्हर ती हीच. या कंपनीनं १९४२ मध्येच ठरवलं होतं, की लहानमोठ्या व्यवस्थापकांच्या जागांवर युरोपियनांऐवजी भारतीयांना तयार करायचं. १९६१ मध्ये प्रकाश टंडन पहिले भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा २०५ पैकी १९१ व्यवस्थापक भारतीय होते. टंडन यांच्यानंतर अध्यक्षपदी आले वसंत राजाध्यक्ष, म्हणजे मराठी माणूस. यात दानधर्म नव्हता. परदेशातून आणलेला साहेब महाग पडतो आणि इथली बाजारपेठ त्याला कळेपर्यंत त्याची बदली होते. पण फायद्यासाठी का होईना, माणूस घडवण्याचं काम कंपनीनं मनावर घेतलं.

ते कसं घेतलं, यातली एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. उत्तर प्रदेशातल्या एटा इथं कंपनीची डेअरी होती, १९६४ पासूनची. दूध पुरेसं येईना. शेतकऱ्याची जनावरं आजारी, जमीन ऊसर म्हणजे खारवट, हातात पैसा नाही, मग दूध येणार कुठून? १९७६ मध्ये कंपनीनं तिथं ग्रामविकासाचं काम सुरू केलं आणि आपले तरुण अधिकारी गावात राहायला पाठवले. पुढं नव्या मॅनेजमेंट ट्रेनींनी काही आठवडे खेड्यात शेतकरी कुटुंबात राहायचं, हा प्रशिक्षणाचा भागच झाला. मोठ्या कॉलेजातून निघालेला, उद्या शंभर माणसांवर साहेब होणारा मुलगा आधी बाजेवर झोपतो, हापशावर आंघोळ करतो आणि साबणाची वडी घरात किती दिवस पुरवतात ते डोळ्यांनी पाहतो. नेतृत्वावरचं जाडजूड पुस्तक महिन्याभरात इतकं शिकवू शकत नाही.

लीना नायर याच मुशीतून निघाल्या. कोल्हापूरच्या मुलीनं सांगलीच्या वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग केलं, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन शिकलं आणि १९९२ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून पाऊल टाकलं. (कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नांदुऱ्यावरूनच जाते, हेही मी मुलींना मुद्दाम सांगते. कोल्हापूर फार लांब वाटायला नको.) त्यांनी कारखान्यात काम मागून घेतलं. तिथं बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नसायचं, ते त्यांच्यासाठी बांधावं लागे. कंपनीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. २०१६ मध्ये त्या युनिलिव्हरच्या जगभरच्या मनुष्यबळ प्रमुख झाल्या, म्हणजे दीड लाखाहून जास्त माणसांची नेमणूक, शिक्षण आणि बढती यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २०२२ च्या सुरुवातीला त्या शनेल या फ्रेंच कंपनीच्या मुख्याधिकारी झाल्या. युनिलिव्हरमधलं त्यांचं काम नितीन परांजपे यांच्याकडे गेलं. तेही १९८७ मध्ये ट्रेनी म्हणूनच लागलेले, आधी भारतातल्या कंपनीचे प्रमुख राहिलेले.

ही शिडी चांगली आहे, आणि तिची पहिली पायरी जमिनीवर आहे हे त्याहून चांगलं. पण ती ट्रेनीची शिडी आहे. नांदुऱ्याची, मलकापूरची, जळगाव जामोदची बहुतेक पोरं आयटीआय करून मशीनवर लागतात. त्यांच्या हुरूपाचं काय?

यासाठी कारखान्यांत ‘टीपीएम’ नावाची जपानी पद्धत आहे. १९७१ मध्ये निप्पॉन डेन्सो या कंपनीनं ती करून दाखवली आणि १९९० च्या दशकात ती भारतात पसरली. तिचा गाभा सोपा आहे : मशीन चालवणाराच त्यातला बिघाड सगळ्यात आधी ओळखतो, म्हणून दोष शोधायचा अधिकार त्याचा. ऑपरेटरला टॅग दिलेले असतात. ढिला नट, गळणारं तेल, वेगळा आवाज, काहीही खटकलं की तिथं टॅग बांधायचा. स्वतः दुरुस्त करता येईल तर पांढरा, मेंटेनन्सवाल्यांची गरज असेल तर लाल. बोर्डावर दोन आकडे लिहायचे, टॅग लावले किती आणि काढले किती.

एका कारखान्यात पॅकिंग लाइनच्या कन्व्हेअरला मी असा एक लाल टॅग पाहिला होता. ग्रीस लागून काळा पडलेला, तारीख वाचता येत नव्हती. शेजारी ज्ञानगंगेकाठच्या गावचा एक ऑपरेटर उभा होता. बेअरिंग आता जास्तच वाजतं, तर दुसरा टॅग का लावला नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, “म्याडम, आता टॅग लाऊन काय फायदा? जुनाच अजून लटकून हाये.”

प्रेरणा या विषयावरची माझी सगळी समज त्या एका वाक्यात आहे. पुढं तिथं नवा मेंटेनन्स इंजिनिअर आला. रोज शिफ्ट बदलताना तो दहा मिनिटं बोर्डाजवळ उभा राहायचा, टॅग लावणाऱ्याला नावानं बोलवायचा आणि काय झालं ते सांगायचा. कित्येकदा उत्तर नकाराचंच असायचं : पार्ट जर्मनीहून यायचाय, वेळ लागेल, तोवर रोज ग्रीस कर आणि आवाज वाढला तर मला सांग. तरीही टॅग वाढत गेले. पार्ट येण्याआधीच वाढले. माणसाला उत्तर हवं असतं. मुख्यालयातून आलेले टी-शर्ट आणि ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो याला पर्याय नाहीत.

याच पद्धतीत ‘वन पॉइंट लेसन’ असतो, म्हणजे एका पानाचा धडा. एक गोष्ट, एक चित्र, चार ओळी, ऑपरेटरनं स्वतः लिहिलेल्या. रॅपरचा रोल मे महिन्याच्या उन्हात वळतो, तो मशीनवर चढवण्याआधी कुठं ठेवायचा, यावर आमच्या एकानं पेन्सिलनं काढलेलं पान इंग्रजीत होऊन दुसऱ्या देशातल्या प्लांटला गेलं. जाताना ‘तयार करणारा’ या रकान्यात इंजिनिअरचं नाव आलं होतं. मी ते बदलून घेतलं. त्यासाठी तीन खात्यांना मेल करावे लागले, आणि मला ते किरकोळ काम वाटत नाही. आपल्या नावानं आपलं काम समुद्रापलीकडे जातं हे कळलेला माणूस वेगळा वागतो. त्यानं पुढं आणखी धडे लिहिले आणि नव्या पोरांना स्वतः शिकवायला लागला.

आणखी एक गोष्ट परदेशी साहेबांना समजावून सांगावी लागते : आपल्या माणसांचं मीटिंगमधलं गप्प बसणं. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकानं १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात, याचा त्यानं आकडा काढला. डेन्मार्कचा १८ आला, भारताचा ७७. डेन्मार्कचा साहेब “कुणाला काही विचारायचंय?” म्हणतो आणि कुणीच बोललं नाही की सगळं पटलं असं धरतो. इथं मोठ्या माणसापुढं तोंड उघडणं आगाऊपणाचं वाटतं. तीच माणसं नंतर चहाच्या टपरीवर अर्धा तास अचूक बोलतात. म्हणून मी साहेब यायच्या आदल्या दिवशी चारचार जणांचे गट करते, प्रश्न मराठीत लिहून घेते आणि गटाच्या नावानं वाचते. गटाआडून बोलायला भीती वाटत नाही. दोनतीनदा असं झालं की एखादा आपणहून उभा राहतो.

एका बाबतीत मात्र मला अजून राग येतो. हे सगळं, टॅग, धडे, ट्रेनिंगचे तास, कायम कामगारासाठी असतं. ठेकेदाराकडून आलेला पोरगा त्याच लाइनवर, तेच बॉक्स उचलतो आणि त्याला गेटवर सुरक्षेची अर्ध्या तासाची माहिती देऊन आत सोडतात. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी असंच होतं. पाचपाच वर्षं काम केलेल्या पोराच्या नावावर एकही प्रमाणपत्र नसतं, आणि ठेकेदार बदलला की तो पुन्हा नवा. जगभर आपल्या माणसांच्या विकासाच्या गोष्टी करणाऱ्या कंपन्यांनी आधी याच्या वेगळ्या रंगाच्या गेटपासकडे बघावं.

म्हणून आयटीआयची मुलं मुलाखतीची तयारी करायला येतात, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांची तयारी मी जास्त करून घेते. “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं तिथं विचारतातच, आणि आपली मुलं “नाही सर” म्हणून उठतात. मी त्यांना विचारायला लावते : पहिल्या महिन्यात मला शिकवणारा माणूस कोण असेल? आज जे सुपरवायझर आहेत, त्यांतले किती जण मशीनवरून वर आले? ठेकेदाराकडून आलेल्यांतले गेल्या वर्षी किती कायम झाले? आणि टॅग पद्धत आहे म्हणाले, तर बोर्डावरचा ‘काढलेले’ हा आकडाही विचारायचा.