पानातलं लोह, रक्तातलं लोह

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर भाकरीचा एक प्रयोग झाला होता. काही मुलांना नेहमीच्या बाजरीची भाकरी, काहींना ‘धनशक्ती’ या वाणाच्या बाजरीची. या वाणात लोह जास्त असतं, बाकी दिसायला-खायला ती बाजरीच. सुरुवातीला रक्त तपासलं तेव्हा ४१ टक्के मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला आढळला. चार महिन्यांनी ‘धनशक्ती’ खाणाऱ्यांच्या रक्तातला हा साठा दुसऱ्या गटापेक्षा वाढलेला होता. ज्यांच्याकडे आधी लोह कमी होतं त्यांच्यापैकी ही बाजरी खाणारी मुलं सहा महिन्यांत त्या कमतरतेतून बाहेर येण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीहून अधिक ठरली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे १४० मुलांच्या लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांतही या मुलांचे प्रतिसाद जास्त जलद झालेले दिसले. ना गोळी, ना टॉनिक. भाकरी तीच, फक्त पीठ वेगळं.

या बाजरीचं मूळ आफ्रिकेत आहे. टोगो या देशातल्या स्थानिक बाजरीतून इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निवड करून आयसीटीपी ८२०३ हे वाण तयार केलं आणि १९८८ पासून ते आपल्याकडे पेरलं जाऊ लागलं. त्यातूनच जास्त लोहाची झाडं निवडत ‘धनशक्ती’ घडलं. २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसारित झालेल्या या वाणाच्या किलोभर दाण्यांत साधारण ७१ मिलिग्रॅम लोह असतं.

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. मधल्या आकाराच्या खिळ्यात मावेल एवढं. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये असतो आणि फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचं काम करतो. थोडं लोह स्नायूंमध्ये असतं, थोडं पेशीपेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांमध्ये, आणि उरलेलं यकृतात व अस्थिमज्जेत फेरिटिन या प्रथिनाच्या रूपात शिल्लक पडलेलं असतं. खर्च वाढला की शरीर आधी ही शिल्लक मोडतं आणि हिमोग्लोबिनला शक्य तितका काळ हात लावत नाही. म्हणूनच ‘एचबी’ बारा असूनही जिना चढताना धाप लागणारी, दुपारी गळून जाणारी, केस मूठमूठ गळताहेत म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. तिची शिल्लक संपलेली असू शकते.

स्वित्झर्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच तपासलं गेलं. रक्तक्षय नसलेल्या, पण सतत थकलेल्या १४४ स्त्रियांपैकी काहींना महिनाभर लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा २९ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचाही १३ टक्क्यांनी. यातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ‘अमुक चूर्णाने मला आठवड्यात तरतरी आली’ असं सांगणाऱ्यांची तरतरी बहुधा त्या तेरा टक्क्यांतली असते. शिवाय फायदा झाला तो ज्यांचं फेरिटिन कमी होतं त्यांनाच. म्हणजे थकव्याचा उपाय शोधताना नुसतं ‘एचबी’ पाहून थांबू नये आणि नुसत्या अनुभवकथांवर विसंबूही नये.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेली की तिच्यातलं लोह फेकलं जात नाही, काढून नव्या पेशीत घातलं जातं. असं वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह शरीरात रोज फिरवून वापरलं जातं. अन्नातून नव्याने लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. गंमत अशी की जास्त झालेलं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. त्यामुळे सगळं नियंत्रण आत घेतानाच करावं लागतं आणि ते यकृतात तयार होणारं हेपसिडिन नावाचं संप्रेरक करतं. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात जातं ते फेरोपोर्टिन या प्रथिनाच्या दाराने, आणि हेपसिडिन वाढलं की ते दार बंद होतं. साठा भरलेला असेल तर दार बंद. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तरीही बंद, कारण लोह जंतूंनाही हवंच असतं. सतत आजारी पडणाऱ्या मुलाला कितीही खजूर चारले तरी रक्त का वाढत नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

बायकांचा हिशेब आणखी घट्ट. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत महिन्याला तीस-चाळीस मिलिलिटर रक्त गेलं की पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह गेलं, आणि अंगावरून जास्त जात असेल तर त्याहून अधिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं नोंदलं गेलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावरची ही मोजणी प्रत्यक्षाहून फुगलेली आहे, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. शिरेतून रक्त घेतलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत मुलांचे आकडे बरेच कमी आले, हेही खरं. वाद आकड्याचा आहे. घरातली उसळ वाढता वाढता शेवटच्या ताटात नुसता रस्सा उरतो, हे नाकारणारं कुणी मला भेटलेलं नाही.

गरज एक-दोन मिलिग्रॅमची, मग आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत स्त्रियांसाठी दिवसाला २९ आणि पुरुषांसाठी १९ मिलिग्रॅम लोह का सांगितलं आहे? कारण आपण खातो त्यातलं फारच थोडं आत जातं. मांस, कलेजी, मासे यांतल्या लोहाचा एक भाग ‘हीम’ या रूपात असतो आणि तो सहज शोषला जातो. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह मात्र हट्टी. दाण्याच्या टरफलातलं फायटिक आम्ल आणि चहा-कॉफीतली टॅनिनं त्याला घट्ट धरून ठेवतात, आणि ते आतड्यातून तसंच पुढे निघून जातं.

त्यामुळे ‘लोह कशात?’ या प्रश्नाची उत्तरं जपून घ्यायला हवीत. आपल्या डोक्यातली बरीचशी उत्तरं जुनीही आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दाखवलेलं होतं. २०१७ च्या नव्या तक्त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. अळिवाचा आकडा शंभरावरून सतरावर आला. म्हणून बाळंतिणीचा अळिवाचा लाडू बाद होत नाही. सतरा हा आकडाही इतर पदार्थांच्या तुलनेत दणदणीत आहे, फक्त लाडवात अळीव किती चमचे पडतात ते पाहावं. पालकात तीन मिलिग्रॅमही नाही, राजगिरा-माठाच्या पाल्यात त्याहून जास्त आहे. दशांश चिन्ह चुकल्यामुळे पालकाची कीर्ती झाली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचाही पुरावा कुणाला सापडलेला नाही. आणि खुद्द पॉपायच्या चित्रकथेत पालकाचं कौतुक ‘अ’ जीवनसत्त्वासाठी केलेलं होतं! बीट आणि डाळिंब लाल असतात एवढंच, लोह दोन्हींत १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही नाही. गूळ चांगला, पण दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही.

खरा भार वाहतात ती रोजची, कौतुक न होणारी धान्यं-कडधान्यं. बाजरीत १०० ग्रॅममागे सहाहून अधिक, मटकीत जवळजवळ आठ, अख्ख्या मसुरात साडेसात, हरभऱ्यात साडेसहाच्या वर. याउलट पॉलिश केलेल्या तांदळात एकही मिलिग्रॅम नाही. कोकण-गोव्यात भातावर भागवणाऱ्यांना मासे आधार देतात, कारण माशा-मांसातलं थोडंसं प्रथिन सोबतच्या भात-डाळीतलं लोह शोषायलाही मदत करतं. ज्यांच्या घरात भात आहे आणि मासळी परवडत नाही, त्यांची पंचाईत सगळ्यात मोठी.

आता पानातली संगत. ‘क’ जीवनसत्त्व हट्टी लोहाला विरघळत्या रूपात ठेवतं, फायटिक आम्लाच्या तावडीतून सोडवतं. मात्र ते त्याच जेवणात असायला हवं. सकाळी आवळा आणि दुपारी उसळ, याचा उपयोग नाही. ते उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू फोडणीत न टाकता पानात पिळायचं. पेरूची फोड, कोथिंबीर, कच्चा कोबी किंवा टोमॅटोची कोशिंबीर चालेल. मोड आणण्याने तर दुहेरी काम होतं: दाणा अंकुरताना फायटिक आम्ल मोडतं आणि थोडं ‘क’ जीवनसत्त्वही तयार होतं. इडली-आंबोळीचं पीठ आंबवलं की तेच. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात दाखवलं की कांदा-लसूण सोबत असेल तर धान्या-कडधान्यांतलं लोह शोषणासाठी जास्त मोकळं होतं. हे परीक्षानळीतलं आहे, माणसात तेवढंच होईल असं नाही. तरी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड हे जेवण पोषणशास्त्राच्या परीक्षेत सहज वरचा नंबर काढील. लोखंडी कढईत आमटी किंवा आंबट भाजी केली तर थोडं लोह भांड्यातूनही उतरतं. नॉनस्टिकच्या नादात आपण ती माळ्यावर टाकली, हा मला तोट्याचा सौदा वाटतो.

आणि चहा. इथे बऱ्याच वाचकांचा विरस होणार आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९७५ सालीच दाखवून दिलं होतं की जेवणासोबत चहा घेतला तर लोहाचं शोषण झपाट्याने घटतं. १९८३ च्या एका अमेरिकी अभ्यासात एकाच प्रकारच्या जेवणात कॉफीने शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी कमी केलं. त्यातला उपयोगी तपशील पुढे आहे: कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काही बिघडलं नाही, तासभर नंतर घेतली तर मात्र जेवणासोबत घेतल्याइतकंच नुकसान झालं. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या नुसता चहा चालेल. चहा-चपाती, चहा-भाकरी, आणि जेवणावर लगेच अर्धा कप, हे टाळावं. शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्या ज्या बाईची न्याहारीच चहात बुडवलेली चपाती असते, तिला हा सल्ला देणं सोपं आहे. तिच्या न्याहारीत दुसरं काय येणार, हे सांगणं अवघड आहे.

एवढं करूनही थकवा हटत नसेल तर दोष लोहाचा नसेलही. लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली ती गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधल्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घ्यायला. या बायकांच्या तांबड्या पेशी लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या, म्हणजे लोहाच्या कमतरतेचं नेहमीचं चित्र नव्हतं. त्यांना यीस्टच्या अर्काने गुण येतो हे तिने १९३१ मध्ये जाहीर केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला आणि १९४१ साली अमेरिकेत तो वेगळा काढला गेला तो टनावारी पालकातून. लोहासाठी उगाच मिरवणाऱ्या पालकाचा खरा मान हा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही मोठी आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि तेही थकवतं. थायरॉइड, मधुमेह, क्षय, अपुरी झोप, उदासी यांतही माणूस गळून जातो. विदर्भात, नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलमुळे हिमोग्लोबिन कमी असू शकतं. तिथे तपासणी न करता लोह भरत राहणं धोक्याचं. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं असेल तर बीटाचा रस काढत बसू नये, पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते आधी बघावं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच तर हेपसिडिन पुन्हा आठवावं. लोहाची मोठी मात्रा घेतली की ते चोवीस तासांसाठी वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये साठा कमी असलेल्या स्त्रियांत दाखवलं की रोज गोळी घेण्याऐवजी एक दिवसाआड घेतली तर त्याच मात्रेतलं शोषण सुमारे १६ टक्क्यांवरून २२ टक्क्यांच्या आसपास जातं. पोटाचा त्रास होणाऱ्यांनी हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. गरोदरपणात मात्र सांगितलेली रोजची गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, दुधासोबत नको, चहासोबत तर नकोच. शौचाचा रंग काळा होतो, तो न शोषलेल्या लोहाचा, त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून महिन्याभरात थांबूही नये. रिकामा झालेला साठा भरायला त्यानंतर आणखी दोन-तीन महिने लागतात.