कांगारूचा जबडा आणि बैलाचा खूर

ऐन पेरणीत जोडीतील एक बैल लंगडू लागला, तर तळोद्याच्या काळ्या जमिनीतील वाफसा हातचा निघून जातो. बैलांवर ज्याची शेती आहे, त्याला हे नुकसान सांगावयास नको. खूर सडण्याच्या या रोगाचे मूळ समजण्यास एका दूरच्या प्राण्याचे उदाहरण बोधप्रद आहे.

कांगारू व त्याचे भाईबंद, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिलू वाढविणारे प्राणी, आपल्या रानात नाहीत. ऑस्ट्रेलियात व जगातील प्राणिसंग्रहालयांत त्यांस जबडा सुजण्याचा एक रोग होतो. कुसळाने अथवा राठ चाऱ्याने हिरडी दुखावते, जखमेत जंतू शिरतात, दातांची मुळे व जबड्याचे हाड सडते आणि खाणे सुटून प्राणी झिजतो. रानातही हा रोग आढळतो. परंतु बंदिवासात तो अधिक, कारण तेथे थोड्या जागेत पुष्कळ प्राणी असून चारा विष्ठेने दूषित होतो. एकदा हाड धरले की औषधांनीही पुरता गुण येणे कठीण.

या रोगातील प्रमुख जंतू फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा होय. आणि गुरांचे खूर सडविण्यातही मुख्य हात त्याचाच असतो. तो गुरांच्या पोटात व शेणात नित्य वसतो, धडधाकट कातडीतून शिरत नाही आणि जेथे हवा पोचत नाही तेथे वाढतो. पावसाळ्यात चिखलाने खुरांतील बेचके मऊ पडते, धसकट किंवा खडा लागतो, आणि शेणाचा लेप जखम झाकून टाकतो. जंतूस याहून अधिक काय हवे?

बहुधा एकच पाय सुजून दुर्गंधी येते. तोंडात फोड व लाळ असल्यास तो लाळ-खुरकूत हा निराळा, विषाणूजन्य रोग समजावा. लंगडणे दिसताच खूर धुऊन बेचके तपासावे, रुतलेले काढावे, जनावर कोरड्या जागी बांधावे व पशुवैद्यास बोलवावे. वेळीच टोचून घेतल्यास गुण लवकर येतो. प्रतिबंधार्थ एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवून त्यात धुतलेले खूर बुडवावेत. मात्र ते पाणी विषारी असल्याने जनावरास पिऊ देऊ नये.

जंतू गोठ्यात सदैव असणारच. त्याला जखम आणि चिखल मिळू न देणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. म्हणून पहिल्या पावसापूर्वीच गोठ्याची जमीन मुरूम टाकून उंच करावी, मुताला उतार द्यावा आणि शेण रोज उचलावे.