पाच चिमटे

सकाळी ८:४५. बस फाटकात शिरते. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत खेळ शिकवते, पण दिवसाची सुरुवात पायांकडे बघून होते. सोळा-सतरा वर्षांची मुलं चपलेतच येतात. सकाळच्या घाईत नाड्या कोण बांधणार? वेलक्रोचे बूट घ्या, हे मी आता पालकसभेत नुसतं म्हणून दाखवते.

९:१५. मैदान. ‘पाच फेऱ्या मारा’ म्हटलं की काही जण दोन मारून बसतात, एक जण थांबतच नाही. म्हणून दोरीवर कपड्यांचे पाच चिमटे. फेरी झाली की एक काढायचा, डब्यात टाकायचा. दोरी रिकामी झाली की सुट्टी. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना कोलांटउडी नाही. काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, त्यामुळे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी धोका घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत अपंग मुलांसाठीही रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल आहे. आमची आज पंचवीस झाली.

१०:३०. वजनकाटा. एकाचा काटा पुन्हा पुढे. मदतनीस ताई म्हणाल्या, “हावरट झालाय.” नाही हो. वागणूक शांत राहावी म्हणून त्याला रिस्पेरिडोन सुरू आहे, त्याने भूक वाढते. डाऊनच्या मुलांत थायरॉइडही बघावं लागतं. शिव्या मात्र पोराला.

१२:००. डबे उघडतात तेव्हा घर कळतं. तीन डब्यांत बटाट्याची भाजी, दोघांकडे वेफर्सची पाकिटं. “बाई, याला दुसरा आनंद तरी काय आहे?” असं एका आजींनी मला विचारलं होतं. घरोघरी दया अशी ताटात वाढली जाते, आणि ती नाकारायला पोराकडे शब्द नसतात. पण मी तरी कोण बोलणार? पहिली दोन वर्षं प्रत्येक फेरीला मी चॉकलेट देत होते. फेऱ्याही वाढल्या, पोटंही. आता बक्षीस म्हणजे शिट्टी वाजवायचा मान. त्यासाठी भांडणं होतात.

१:१५. स्वयंपाकाचा वर्ग. मोड आलेली मटकी, कांदा, टोमॅटो, लिंबू. पायऱ्यांचे फोटो भिंतीवर ओळीने लावलेत. काकडी नको म्हणणारी मुलगी स्वतः चिरलेली काकडी खाते. का, ते तिलाच ठाऊक. पुन्हा वाढून हवं असेल तर आधी वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपेपर्यंत निम्मे विसरून उठतात.

२:१५. बोची. लहान पांढऱ्या चेंडूच्या जवळ आपला चेंडू न्यायचा, एवढाच खेळ. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये तो आहे, म्हणून आई-वडिलांना त्याचं महत्त्व वाटतं. मला तो आवडतो वेगळ्या कारणासाठी: धावायला नकार देणारा आमचा सर्वांत जड मुलगा चेंडू उचलायला चाळीस वेळा वाकतो. त्याला हा व्यायाम आहे हे कुणी सांगू नका.

३:४०. बस गेली. डब्यातले चिमटे मोजले, एक कमी. उद्या कुणाच्या तरी खिशातून येईल.

५:३०. एका आईचा मेसेज. उद्या लेकाचा वाढदिवस, केक किती किलोचा आणू? ‘कलिंगड आणा, मेणबत्ती मी लावते,’ असं कळवलंय. दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.