तंजावरची पाण्याची वाट

मराठी वाचकांस तंजावर ठाऊक आहे ते भोसले घराण्यामुळे आणि सरस्वती महालामुळे. तेथील पर्जन्यजलाची व्यवस्था मात्र भोसल्यांहूनही जुनी. सोळाव्या शतकातील सेवप्पा नायकाच्या तलावात पावसाचे पाणी निवळे व उताराने शिवगंगा तलावात येई. तेथून भूमिगत नाल्याने अय्यनकुळम् तळ्यात. पुढे सेवप्पाच्या तलावावर वस्ती वाढली आणि येवा आटला. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत शहराची निवड झाली. त्यातून अय्यनकुळम्‌चे पुनरुज्जीवन होताना तो नाला उजेडात आला. तमिळनाडूने २००३ मध्येच घरोघरी पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला होता. छपरावरचे पाणी अडविणे त्या मानाने सोपे! गृहकर्जाच्या कागदपत्रांत भूखंडाची चतुःसीमा असते. त्याखालून जाणारा जुना नाला क्वचितच नोंदलेला आढळतो.