पहाडगंजातील घर : पट्टी, किंमत आणि हक्क

नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन या दोन वास्तूंमुळे पहाडगंज हे नाव दिल्लीकर मराठी माणसाला कधीच परके वाटले नाही. आणि केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त येऊन या परिसरात बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीपुढे जेव्हा वडिलोपार्जित मजला राखावा, भाड्याने द्यावा, की विकून द्वारका किंवा नोएडा गाठावे, असा प्रश्न उभा राहतो, तेव्हा सल्ला येतो तो बहुधा पुण्या-मुंबईच्या आप्तांकडून. सल्ल्यामागील सद्भावना निःसंशय असते. मात्र ज्या कायद्यावर तो आधारलेला असतो, तो कायदा दिल्लीला लागू नसतो.

त्यांतला पहिला समज असा, की बाजारभाव चढला म्हणजे घरपट्टीही त्या प्रमाणात चढणार. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर बसतो, त्यामुळे तेथे हे म्हणणे निराधार नाही. दिल्लीत मात्र १९५७ च्या महानगरपालिका अधिनियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २००४ पासून जी एकक-क्षेत्र पद्धत अमलात आली, तिच्या हिशेबात विक्रीच्या किमतीला स्थानच नाही. वसाहतींची ‘ए’पासून ‘एच’पर्यंत आठ वर्गांत विभागणी असून पहाडगंज ‘ई’ वर्गात मोडते व त्या वर्गाचा दर चौरस मीटरला २७० रुपये आहे. या दराला बांधीव क्षेत्राने गुणून मग बांधकामाचे वय, प्रकार, वापर आणि वहिवाट यांचे गुणक लावले की वार्षिक मूल्य निघते. १९६० पूर्वीच्या, पक्क्या बांधणीच्या आणि मालक स्वतः राहत असलेल्या ६० चौरस मीटरच्या मजल्याचे उदाहरण घेऊ. २७० गुणिले ६० म्हणजे १६,२००. वयाचा गुणक निम्मा, म्हणून ८,१००. आणि त्यावर ‘ई’ वर्गातील निवासासाठीचा ११ टक्के कर म्हणजे वर्षाला ८९१ रुपये, उपकर निराळा. हाच मजला पाडून आज नव्याने बांधला, तर वयाचा गुणक पूर्ण एक होतो आणि कर १,७८२ वर जातो. म्हणून जुने घर ‘नवे करून’ विकण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी बिल्डरच्या कागदांबरोबर हा हिशेबही मांडून पाहावा. आणि ज्यांचे घर जुनेच राहणार आहे, त्यांनी त्याचे वय सिद्ध करणारा जुना मंजूर नकाशा किंवा विजेचे बिल जिवापाड जपावे, कारण अर्धी सूट त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर उभी असते.

दुसरा समज भाड्याविषयीचा आहे आणि तो समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. एके काळी दिल्लीतही कराचे मूळ भाड्यात होते; १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्याहून अधिक मूल्य धरून कर आकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात स्पष्ट केले, आणि त्यामुळे ज्याचे भाडे नाममात्र त्याचा करही नाममात्र, असे समीकरण रूढ झाले. २००४ नंतर ते संपुष्टात आले. आता भाडेकरू राहत असलेल्या भागाला सामान्यतः दोनचा गुणक लागतो, मग त्याच्याकडून महिना दीडशे रुपये येवोत की पंधरा हजार. दरमहा ३,५०० रुपयांपर्यंतच्या भाडेकराराला जुन्या कायद्याचे संरक्षण आजही आहे, त्याची जागा घेण्यासाठी संसदेने संमत केलेला १९९५ चा कायदा अमलातच आला नाही, आणि पट्टीचा बोजा मालकावर दुप्पट, अशी ही व्यवस्था आहे. जुने भाडेकरू असलेल्या मालकावर तीत अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अन्याय आहे म्हणून विवरणपत्रात ‘स्वतःच्या वापरात’ असे खोटे लिहिणे हा त्यावरचा इलाज नाही. चुकवलेल्या करावर महिना एक टक्का व्याज चढत राहते.

पहाडगंजच्या मेन बाजाराच्या परिसरात घरांची अतिथिगृहे झाली, ती नवी दिल्ली स्थानकाच्या शेजारामुळे; तेव्हा एकाच इमारतीत व्यापार आणि निवास असल्यास कर कसा बसतो, हेही पाहायला हवे. तळमजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाड असेल, तर संपूर्ण इमारत व्यापारी ठरते, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक भागाची आकारणी स्वतंत्र होते, निवासाला एकचा आणि व्यापाराला चारचा गुणक लागतो. स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक, अपंग आणि माजी सैनिक यांना स्वतः राहत असलेल्या एका घरावर, २०० चौरस मीटरपर्यंत, ३० टक्के सूट आहे. आणि ३० जूनपूर्वी वर्षाचा कर एकरकमी भरल्यास आणखी सवलत मिळते. मुंबईप्रमाणे ५०० चौरस फुटांखालील घराला सरसकट माफी येथे आहे, असे मात्र समजू नये.

पत्त्यात ‘नवी दिल्ली’ असल्यामुळे कर नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे भरायचा असे समजणारेही भेटतात. पहाडगंज दिल्ली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. २०१२ साली तिचे तीन तुकडे झाले होते, ते २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा एकत्र आले, म्हणून मधल्या वर्षांच्या पावत्यांवर ‘उत्तर दिल्ली महानगरपालिका’ असे नाव दिसले तर घाबरू नये.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हक्काविषयीचा आहे. वीस वर्षांच्या पावत्या आपल्या नावे आहेत, म्हणजे घर आपले, असे मानून कित्येक जण निर्धास्त असतात. पालिकेच्या दफ्तरातील नावाची नोंद, जिला दिल्लीत दाखिल-खारिज म्हणतात, ती करवसुलीच्या सोयीसाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. त्याहून बिकट प्रकार मुखत्यारपत्रावरील खरेदीचा. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र या त्रिकुटावर दिल्लीत वर्षानुवर्षे घरे हातोहात विकली गेली. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नोंदणीकृत खरेदीखताशिवाय स्थावराची मालकी हस्तांतरित होत नाही. वडिलांच्या कपाटात खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्र सापडले, तर ग्राहक शोधण्यापूर्वी वकील शोधावा.

किमतीच्या बोलणीत ‘सर्कल रेट’ हाच बाजारभाव मानण्याची चूकही सर्रास होते. ‘ई’ वर्गातील जमिनीसाठी २०१४ साली ठरलेला दर चौरस मीटरला ७०,०८० रुपये होता. असा दर म्हणजे मुद्रांक शुल्काचा किमान आधार. प्रत्यक्ष सौदा गल्लीची रुंदी, भाडेकरू आणि कागदपत्रांची शुद्धता यांवर कित्येकदा त्याच्या वर वा खाली ठरतो. मात्र सरकारी मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक खाली सौदा दाखवला, तर आयकर खाते विक्रेत्याचा भांडवली नफा सरकारी मूल्यावरच मोजते, आणि ‘थोडे रोखीत’ या प्रस्तावाचा फायदा त्याला वाटतो तितका उरत नाही.

आणि विकत घेणाऱ्याने एवढे पाहावेच: मागील मालकाने थकवलेली पट्टी त्याच्यापाशी राहत नाही, अधिनियमानुसार तिचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो. म्हणून मिळकतीचा ओळखक्रमांक, म्हणजे ‘यूपिक’, मागून घेऊन सर्व वर्षांचा भरणा तपासावा आणि थकबाकी असल्यास ती बयाण्याच्या रकमेतून वळती करून मगच नोंदणीची तारीख ठरवावी.