सर्दीची गोळी घेतली की पोट शांत राहतं? रोज घेण्याआधी हे वाचा

जव्हार : 'रात्री एक सिट्रिझिन घेतली की दुसऱ्या दिवशी पोट बरं असतं.' असं सांगणारे लोक आपल्याकडेही सापडतात. सर्दीसाठी किंवा अंगावरच्या खाजेसाठी घेतलेली गोळी पोटालाही लागू पडली असं वाटतं, मग मेडिकलमधून पाकीटच आणून ठेवलं जातं. भट्टीवर जाताना पिशवीत तेच पाकीट. यात तथ्य किती आणि धोका किती, ते समजून घेऊया.

कोणत्या आजाराबद्दल बोलतोय?

महिनोन् महिने पोटात मुरडा येतो, पोट फुगतं, जेवण झालं की लगेच शौचाला पळावं लागतं. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता. शौचाला जाऊन आलं की थोडं बरं वाटतं. तपासण्या केल्या तर काहीच सापडत नाही. डॉक्टर याला 'आयबीएस' म्हणतात. हा आजार जिवावर बेतत नाही, पण माणसाला जेरीस आणतो. एसटीत बसायची भीती वाटते, लग्नाला जायची भीती वाटते, मजुरीचे खाडे होतात.

पुष्कळांना हा त्रास एखाद्या मोठ्या जुलाबानंतर सुरू होतो. दूषित पाण्याने किंवा शिळ्या अन्नाने पोट बिघडतं, ते बरं होतं, पण आतडं पहिल्यासारखं होत नाही. अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस मागे राहतो, असं अभ्यास सांगतात. उन्हाळ्यात मोखाड्यात टँकरची वाट बघावी लागते, आणि पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं. हे पाहिलं की हा विषय आपल्यासाठी किती जवळचा आहे ते कळतं.

सर्दीच्या गोळीचा पोटाशी संबंध काय?

डास चावला की गाठ येते, खाज सुटते. ते काम 'हिस्टामिन' नावाच्या पदार्थाचं. शरीरातल्या 'मास्ट' नावाच्या पेशी तो सोडतात, आणि या पेशी आतड्यातही असतात. तिथे हिस्टामिन सुटलं की दुखणं पोचवणाऱ्या नसा हुळहुळ्या होतात. मिरचीचा झोंबरेपणा ज्या ठिकाणी जाणवतो, नसांवरची तीच ठिकाणं इथे जास्त जागी होतात. मग इतरांना जे जेवण साधं वाटतं, ते या माणसाला दुखतं.

बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचं एक कारण दाखवलं. उंदरांना आतड्याचा संसर्ग असताना जे अन्न दिलं, त्या अन्नावर त्यांचं आतडं संसर्ग बरा झाल्यावरही चिडत राहिलं. पुढे आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोयाबीन अशा अन्नाचे अंश टोचून पाहिले. प्रत्येकाला त्यातल्या एका तरी अन्नाची प्रतिक्रिया आली. रक्ताच्या किंवा त्वचेच्या नेहमीच्या ॲलर्जी तपासणीत हे दिसत नाही. म्हणजे 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं ज्यांना ऐकावं लागलं, त्यांचं दुखणं खरं होतं.

मग गोळी लागू पडते का?

थोड्यांना, थोडीशी. 'एबास्टिन' ही ॲलर्जीची गोळी आहे, भारतातही मिळते. ज्यांना बद्धकोष्ठता नाही अशा आयबीएसच्या सुमारे २०० रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि निकाल २०२४ मध्ये आला. निम्म्यांना १२ आठवडे रोज २० मिलिग्रॅम एबास्टिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पोटदुखी आणि एकूण त्रास दोन्हींत ठरवलेल्या मापाएवढा आराम पडला तो एबास्टिनवाल्यांपैकी १०० मागे १२ जणांना, आणि नुसत्या गोळीवाल्यांपैकी १०० मागे ४ जणांना.

म्हणजे फरक पडला, पण शंभरातल्या ८८ जणांना त्या मापाने आराम मिळाला नाही. शिवाय चाचणी १२ आठवड्यांची होती. वर्षानुवर्षे रोज घेतल्यावर काय होतं, ते त्यातून कळत नाही. एबास्टिनवरचा हा निकाल सिट्रिझिनला जसाच्या तसा लावताही येत नाही.

रोज घेण्यातले धोके

जुन्या गोळ्या : सरकारी दवाखान्यात 'सीपीएम' म्हणून मिळणारी क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिन या जुन्या प्रकारच्या. यांनी झोप येते, तोंड सुकतं, आतड्याची हालचाल मंदावते. जुलाब थांबल्यासारखे वाटतात ते यामुळेही असू शकतं. पण ज्यांना मुळात बद्धकोष्ठता आहे त्यांचा त्रास वाढतो. म्हाताऱ्या माणसांची लघवी अडू शकते, डोकं गोंधळल्यासारखं होतं.

झोप : गोळी घेऊन घाटातून मोटारसायकल चालवणं किंवा भट्टीवर विस्तवाजवळ काम करणं धोक्याचं. त्यावर दारू किंवा ताडी घेतली तर गुंगी आणखी वाढते.

गोळी सोडताना खाज : सिट्रिझिन आणि लिव्होसिट्रिझिन पुष्कळ दिवस रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये याचा इशारा दिला. २०१७ ते २०२३ या काळात जगभरातून अशा २०९ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. गोळी घेणारे कोट्यवधी आहेत, त्यामुळे हे दुर्मीळ आहे. पण खाज सुटली की माणूस पुन्हा गोळी घेतो आणि चक्र थांबत नाही. तुम्ही महिनोन् महिने घेत असाल तर डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

कोणी जास्त जपायचं : किडनीचा आजार असेल तर सिट्रिझिनचा डोस कमी लागतो. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा काही अँटिबायोटिक, बुरशीवरच्या गोळ्या चालू असतील तर एबास्टिन चालत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसंच लहान मुलांसाठी, विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

सगळ्यात मोठा धोका

गोळीमुळे खरा आजार झाकला जाणं. आपल्या भागात जुनाट पोटदुखीमागे जंत, आमांश, आतड्याचा टीबी असू शकतो. सिकलसेल असलेल्यालाही पोटात जोराची कळ येते. खालीलपैकी काहीही असेल तर त्याला आयबीएस म्हणून सोडून देऊ नका :

• शौचातून रक्त किंवा काळी शौच
• वजन उतरणं, अंगात रक्त कमी होणं
• रोज संध्याकाळी ताप
• रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागणं
• पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास

मग करायचं काय?

आधी तपासणी. शौच आणि रक्ताच्या साध्या तपासणीने पुष्कळ उलगडा होतो. जामसर, साकूर, खोडाळा अशा ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. पुढे मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय आणि जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घेत असलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या, नाव आठवत बसावं लागत नाही.

दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं आणि पोट कधी दुखलं, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर पोराला मोबाईलमध्ये लिहायला सांगा. उपाशीपोटी दुधाचा चहा, गव्हाची चपाती, बिस्किटं यांतलं काही बाधतंय का ते बघा. एका वेळी एकच पदार्थ बंद करून पाहा. सगळं एकदम सोडू नका, आधीच ताटात कमी असतं. नागलीची भाकरी सोसत असेल तर चालू ठेवा.

मासळी बघून घ्या. बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यासारख्या मासळीत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. मासळी खाऊन थोड्याच वेळात तोंड लाल होणं, डोकं दुखणं, जुलाब लागणं हे त्याचं लक्षण.

पाणी उकळून गार करून प्या. नवा संसर्ग टळला तर नवा त्रासही टळतो. इसबगोलाचा काहींना उपयोग होतो, थोड्यापासून सुरू करा आणि सोबत पाणी भरपूर प्या.

एवढं सगळं करूनही त्रास राहिला तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'ॲलर्जीची गोळी काही आठवडे घेऊन बघू का?' कोणती, किती आणि कधी थांबवायची, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर उगाच रोज गोळी गिळत राहू नका.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)